अ जीवनसत्त्वाची साधिते आणि अर्बुदपेशींची वाढ व विभेदन

१. विषयाची मांडणी

कर्करोगावरील उपचार म्हणजे रोगट पेशींचा नाश, अशी कल्पना सर्वत्र रूढ आहे. शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकली जाते, किरणांनी ती जाळली जाते, विषारी औषधांनी तिच्यातील पेशी मारल्या जातात. ह्या तिन्ही मार्गांमागील तत्त्व एकच आहे : रोगट पेशी ओळखावी व तिचा निःपात करावा. तथापि गेल्या चाळीस वर्षांत रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात ह्याहून निराळे तत्त्व सिद्ध झाले आहे. त्या रोगात पेशीला विष घालून मारावे लागत नाही. तिची अडलेली पक्वता पुरी करून दिली, की ती नैसर्गिक क्रमाने आपले काम करते आणि नैसर्गिक क्रमानेच मरते. हे घडवून आणणारे द्रव्य म्हणजे अ जीवनसत्त्वापासून निघणारे एक अम्ल होय.

येथवरची हकीकत वाचून कोणासही असे वाटेल, की अ जीवनसत्त्व हे कर्करोगावरील सर्वसाधारण औषध असावे. वस्तुस्थिती तशी नाही. हेच द्रव्य व त्याचे सगोत्र एका रोगात जीवदान देतात, दुसऱ्यात तात्पुरता आराम देतात आणि तिसऱ्या ठिकाणी, चांगल्या हेतूने दिले असताही, अपाय करतात. एकाच द्रव्याची ही तीन फळे कशामुळे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या विषयाचा पनवेल परिसराशी निकटचा संबंध आहे. १९५२ मध्ये मुंबईत परळ येथे डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. १९६६ मध्ये ही संस्था व टाटा स्मारक रुग्णालय एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र बनले. पुढे २००२ मध्ये संशोधनाचे बिऱ्हाड परळहून पनवेल तालुक्यातील खारघर येथे हलले. ‘ॲक्ट्रेक’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या संस्थेतील मूलभूत संशोधनाच्या इमारतीस ‘खानोलकर शोधिका’ असे नाव आहे. एकाच आवारात पेशींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा आणि रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण असलेले कक्ष येथे नांदतात. पुढील विवेचनातही पेशी आणि रुग्ण ह्यांना एकमेकांपासून तोडून चालणार नाही.

२. साधिते : धातू आणि प्रत्यय

‘साधित’ ही संज्ञा मुळात व्याकरणातील. धातू एक असतो, त्यास निरनिराळे प्रत्यय लागून साधित शब्द तयार होतात आणि प्रत्ययाबरोबर शब्दाचे कार्य बदलते. ‘कर’ ह्या एका धातूपासून ‘करणे’, ‘करणारा’, ‘करणी’ असे शब्द निघतात. त्यांतील प्रत्येकाचे वाक्यातील स्थान वेगळे. अ जीवनसत्त्वाच्या कुळाला ही संज्ञा केवळ अलंकार म्हणून लागू पडत नाही. रसायनशास्त्राची नामकरणपद्धतीच येथे प्रत्ययांवर उभारलेली आहे.

अ जीवनसत्त्वाची रचना १९३१ मध्ये पाउल कारर ह्यांनी निश्चित केली. सहा कार्बन अणूंचे एक कडे, त्याला जोडलेली एक लांब साखळी आणि साखळीच्या टोकाशी एक लहान गट, असे तिचे स्वरूप आहे. कडे व साखळी हा येथील धातू. टोकाचा गट हा प्रत्यय. टोकाशी अल्कोहोल गट असेल तर त्यास रेटिनॉल म्हणतात. यकृतात साठविले जाणारे व रक्तातून वाहून नेले जाणारे रूप ते हेच. टोकाशी आल्डिहाइड गट आला की ते रेटिनाल होते. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपण्याचे काम त्याच्याकडे असते. टोकाशी अम्लगट आला की ते रेटिनॉइक अम्ल बनते. ह्याचे कार्य दृष्टीचे नसून पेशीच्या केंद्रकातील जनुके चालू वा बंद करण्याचे आहे.

रेटिनॉलचे रेटिनाल होते आणि रेटिनालचे पुन्हा रेटिनॉल होऊ शकते. परंतु एकदा रेटिनॉइक अम्ल झाले, की शरीरात त्याचे मागे रूपांतर होत नाही. ही पायरी एकमार्गी आहे. म्हणूनच कोणत्या पेशीत, केव्हा व किती अम्ल तयार व्हावे ह्यावर शरीराचा कडक पहारा असतो. ह्याशिवाय साखळी सरळ आहे की वाकलेली, ह्यावरूनही भेद पडतो. सरळ साखळीच्या अम्लास सर्व-ट्रान्स रेटिनॉइक अम्ल म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात त्याचे ‘एट्रा’ असे लघुरूप झाले आहे. साखळी तेराव्या कार्बनाशी वाकलेली असेल तर ते १३-सिस रेटिनॉइक अम्ल होय. गाजर, आंबा, शेवग्याचा पाला ह्यांतील बीटा-कॅरोटिन हे अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य. शरीर त्याचा रेणू मध्ये तोडून त्यापासून रेटिनाल बनविते.

दुसरी संज्ञा ‘विभेदन’. अपक्व, सर्वसाधारण पेशी विशिष्ट कामाची पेशी बनते, त्या क्रियेस विभेदन म्हणतात. मराठीतील ‘वाढणे’ हे क्रियापद येथे घोटाळा करू शकते. मूल वाढले म्हणजे ते मोठे व जाणते झाले. पीठ आंबून वाढले म्हणजे त्याचे आकारमान वाढले. एकात पक्वता अभिप्रेत आहे, दुसऱ्यात केवळ प्रमाण. निरोगी शरीरात ह्या दोन क्रिया परस्परांना बांधलेल्या असतात. पेशी काही वेळा दुभंगते, मग दुभंगणे थांबवून पक्व होते. अर्बुदात ही गाठ सुटते. पेशींची संख्या वाढत राहते, पण पेशी पक्व होत नाही. पुढील विवेचनात ‘वाढ’ म्हणजे संख्यावाढ आणि ‘विभेदन’ म्हणजे पक्वता, असा अर्थ घ्यावयाचा आहे.

३. अस्तरावरील जुने प्रयोग

अ जीवनसत्त्वाचा विभेदनाशी संबंध आहे, हे कर्करोगाच्या अभ्यासातून नव्हे, तर उपासमारीच्या अभ्यासातून प्रथम उघड झाले. १९२५ मध्ये वोल्बाख व हाउ ह्यांनी अ जीवनसत्त्व नसलेल्या आहारावर पोसलेल्या उंदरांच्या ऊतकांची पाहणी केली. श्वासनलिका, मूत्रमार्ग इत्यादींच्या आतील ओलसर, श्लेष्मल अस्तराची जागा कातडीसारख्या कोरड्या, शृंगप्रथिनाने भरलेल्या थराने घेतली होती. पेशी मेल्या नव्हत्या. त्या वेगळ्याच मार्गाने पक्व झाल्या होत्या. १९३३ मध्ये त्याच संशोधकांनी दाखवून दिले, की जीवनसत्त्व पुन्हा दिल्यावर अस्तर पूर्ववत होते.

उलट बाजूचा पुरावा १९५३ मध्ये केंब्रिज येथे मिळाला. ऑनर फेल व एडवर्ड मेलन्बी ह्यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या त्वचेचे तुकडे काचपात्रात जगवून त्यांना अ जीवनसत्त्वाची जादा मात्रा दिली. जी त्वचा एरवी शृंगप्रथिन बनविते, ती श्लेष्मा पाझरू लागली. जादा जीवनसत्त्व काढून घेतल्यावर कालांतराने पुन्हा शृंगप्रथिनाचा थर तयार झाला. १९५५ मध्ये इल्से लास्निट्स्की ह्यांनी उंदराच्या पुरःस्थ ग्रंथीचे तुकडे मेथिलकोलँथ्रीन ह्या कर्ककारी द्रव्याच्या संपर्कात ठेवले, तेव्हा अस्तरपेशींची बेसुमार वाढ व विकृत विभेदन झाले. सोबत अ जीवनसत्त्व दिले असता हा परिणाम बऱ्याच अंशी रोखला गेला.

हे सर्व प्रयोग शरीराबाहेर ऊतके जिवंत ठेवण्याच्या तंत्रावर अवलंबून होते. त्याच काळात हे तंत्र परळच्या केंद्रात रुजविण्याचे काम डॉ. कमल रणदिवे ह्यांनी केले. पुण्यात जन्मलेल्या व खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या ह्या विदुषींनी बाल्टिमोर येथे जॉर्ज ओटो गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धनाचे शिक्षण घेतले. हेला ह्या नावाने प्रसिद्ध असलेला मानवी कर्कपेशींचा वंश १९५१ मध्ये ज्या प्रयोगशाळेत स्थिर झाला, ती हीच. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशीवर एखाद्या द्रव्याचा परिणाम काय होतो, हा प्रश्न भारतात प्रयोगाने विचारता येऊ लागला, त्यात ह्या कामाचा मोठा वाटा आहे.

ह्या प्रयोगांवरून एवढे निश्चित झाले, की अ जीवनसत्त्व पेशीला कोणत्या मार्गाने पक्व व्हावयाचे ते सुचविते. परंतु ही सूचना पेशी कशी ग्रहण करते, हे पुढील तीस वर्षे अज्ञात राहिले.

४. पेशीच्या आतील यंत्रणा

१९७८ मध्ये स्ट्रिकलँड व महदवी ह्यांनी एफ-९ नावाच्या भ्रूणार्बुदपेशींवर रेटिनॉइक अम्लाचा प्रयोग केला. ह्या पेशी एरवी अखंड दुभंगत असतात. अम्लाच्या संपर्कात त्या दुसऱ्याच, पक्व प्रकारच्या पेशी बनल्या. १९८० मध्ये ब्राइटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएल-६० ह्या मानवी ल्युकेमियापेशींवर तसाच प्रयोग केला. सुमारे सहा दिवसांत जवळजवळ ९० टक्के पेशी पक्व श्वेतपेशींसारख्या झाल्या. त्यांचे दुभंगणे थांबले. वाढ आणि विभेदन ह्यांची सुटलेली गाठ पुन्हा बसली, असे ह्या प्रयोगाचे सार सांगता येईल.

यंत्रणेचा उलगडा १९८७ मध्ये झाला. फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड एव्हान्स ह्यांच्या गटांनी एकाच वर्षी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, रेटिनॉइक अम्लाचा ग्राही शोधून काढला. ग्राही म्हणजे विशिष्ट रेणू धरून ठेवणारे प्रथिन. हे ग्राही केंद्रकात असतात व थेट जनुकांच्या साखळीवर बसतात. त्यांचे आल्फा, बीटा व गॅमा असे तीन प्रकार आहेत आणि त्यांतील प्रत्येक जण दुसऱ्या एका ग्राहीशी जोडी करूनच काम करतो.

अम्ल नसते तेव्हाही ही जोडी जनुकाच्या आरंभीच्या भागावर बसलेलीच असते. मात्र तिच्याभोवती दडपण आणणारी प्रथिने गोळा झालेली असतात. ती जनुकसूत्र घट्ट गुंडाळून ठेवतात, त्यामुळे जनुकाचे वाचन होऊ शकत नाही. अम्लाचा रेणू ग्राहीत बसला, की ग्राहीचा आकार किंचित पालटतो, दडपण आणणारी प्रथिने सुटतात, त्यांच्या जागी साहाय्यक प्रथिने येतात आणि सूत्र सैल होऊन जनुक वाचले जाऊ लागते. अशा रीतीने चालू होणाऱ्या जनुकांत दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. काही जनुके पेशीच्या दुभंगण्यास लगाम घालणारी प्रथिने बनवितात. त्यामुळे जनुकसूत्राची नक्कल करण्यापूर्वीच पेशी थांबते. दुसरी जनुके पेशीला तिच्या विशिष्ट कामाची साधने पुरवितात. पहिल्यांमुळे वाढ थांबते, दुसऱ्यांमुळे विभेदन होते.

ह्यावरून महत्त्वाचे अनुमान निघते. रेटिनॉइक अम्ल स्वतः काहीच करीत नाही. ते केवळ ग्राहीला हलविते. ग्राही शाबूत असेल आणि त्याच्या खालील जनुके वाचण्याजोगी असतील, तरच परिणाम दिसेल. ग्राही नाहीसा झाला असेल, किंवा पेशीच्या बिघाडाचे कारण दुसरीकडेच असेल, तर कितीही अम्ल ओतले तरी ते व्यर्थ.

५. जेथे औषध नेमके लागू पडले

ह्या अनुमानाची कसोटी एका रोगात लागली. १९५७ मध्ये नॉर्वेचे लाइफ हिलेस्टाड ह्यांनी तीव्र ल्युकेमियाचा एक भयंकर प्रकार वर्णिला. त्यात अस्थिमज्जा प्रोमायलोसाइट नावाच्या अर्धपक्व श्वेतपेशींनी भरून जाते व रक्त गोठण्याची व्यवस्था कोसळते. रुग्ण काही आठवड्यांत, बहुधा रक्तस्रावाने, दगावत असे. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या दर दहा रुग्णांमागे सुमारे एकास हा प्रोमायलोसाइटिक प्रकार असतो. १९७७ मध्ये जॅनेट राउली ह्यांनी दाखविले, की ह्या रुग्णांच्या रोगट पेशींत १५ व्या व १७ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते.

त्या वेळी ह्या अदलाबदलीचा अर्थ कोणास कळला नव्हता आणि उपचार मात्र त्यापूर्वीच सापडला. शांघाय येथे वांग झेन्यी व त्यांचे सहकारी ह्या रोगातील पेशींना मारण्याऐवजी पक्व करता येईल का, ह्याचा शोध घेत होते. पाश्चात्त्य देशांत १३-सिस अम्ल सहज मिळे. चीनमध्ये सर्व-ट्रान्स अम्ल उपलब्ध होते. १९८५ मध्ये, इतर उपचार थकलेल्या पाच वर्षांच्या एका मुलीला त्यांनी ते तोंडावाटे दिले आणि तिचा रोग मागे हटला. १९८८ मध्ये त्यांनी २४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सर्वांचा रोग मागे हटला होता आणि त्यांपैकी २३ जणांत हे केवळ ह्या एका अम्लाने घडले होते. विषारी औषधांनंतर अस्थिमज्जा जशी ओसाड पडते, तशी ती येथे पडली नाही. रोगट पेशीच पक्व होऊन रक्तात उतरल्या.

कारणाचा उलगडा १९९० च्या सुमारास झाला. १७ व्या गुणसूत्रावर जेथे तोड होते, तेथे आल्फा ग्राहीचे जनुक असते. १५ व्या गुणसूत्रावरील पीएमएल ह्या जनुकाशी ते चिकटते आणि पेशीत एक संकरित प्रथिन तयार होते. हे जोडप्रथिन जनुकांवर बसते, पण दडपण आणणाऱ्या प्रथिनांना इतके घट्ट धरून ठेवते, की शरीरातील नेहमीच्या अल्प अम्लाने ती सुटत नाहीत. पक्वतेची जनुके बंद राहतात, पेशी प्रोमायलोसाइटच्या पायरीवर अडून पडते आणि दुभंगत राहते. अम्लाचे प्रमाण औषधाच्या मात्रेने शेकडो पटींनी वाढविले, म्हणजे मात्र ही पकड सुटते आणि जोडप्रथिनही पेशीच्या आतच मोडीत निघते. ज्या कुलपात किल्ली अडकली होती, नेमके त्याच कुलपाची ती किल्ली होती.

ह्याचा व्यत्यासही उपलब्ध आहे. क्वचित काही रुग्णांत १७ व्या गुणसूत्राची अदलाबदल १५ व्याऐवजी ११ व्या गुणसूत्राशी होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बऱ्याच अंशी तशाच दिसतात, परंतु जोडप्रथिनाचा दुसरा अर्धा भाग वेगळा असल्यामुळे पकड अम्लाने सुटत नाही आणि औषध बहुधा निष्फळ ठरते. तेव्हा रोगाचे नाव नव्हे, तर अडथळ्याची नेमकी जागा औषधाचे यश ठरविते.

केवळ अम्लावर विसंबलेल्या रुग्णांत रोग काही महिन्यांत उलटतो, हेही लवकरच दिसून आले. शरीर अम्ल तोडणारी विकरे वाढवून औषधाची रक्तातील पातळी उतरविते, हे त्याचे एक कारण. म्हणून त्यास जोड द्यावी लागते. आरंभी विषारी औषधांची जोड दिली जाई. नंतर चीनमधील हार्बिन येथील वैद्यांनी आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे मराठीत ज्याला सोमल म्हणतात ते द्रव्य, ह्या रोगात प्रभावी असल्याचे दाखविले. अम्ल जोडप्रथिनाच्या ग्राहीच्या बाजूस धरते, आर्सेनिक पीएमएलच्या बाजूस. दोन्ही बाजूंनी धरल्यावर ते प्रथिन टिकत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटली व जर्मनीतील चाचणीत, सौम्य व मध्यम धोक्याच्या रुग्णांपैकी अम्ल आणि आर्सेनिक घेणाऱ्या गटात दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण रोगाच्या पुनरागमनासारख्या आपत्तीवाचून होते; अम्ल आणि विषारी औषधे घेणाऱ्या गटात हे प्रमाण ८६ टक्के होते. भारतात खर्चाचा प्रश्न असल्याने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी केवळ आर्सेनिकवर ७२ रुग्णांवर उपचार केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार सुमारे ८६ टक्के रुग्णांत रोग पूर्णपणे मागे हटला. ही द्रव्ये रुग्णालयात, मोजून व देखरेखीखालीच द्यावयाची असतात, हे सांगणे नलगे.

एवढा गुणकारी उपचार हाती असूनही ह्या रोगात आजही मृत्यू होतात, आणि त्यांतील पुष्कळसे पहिल्या काही दिवसांत होतात. रक्तस्राव हे त्याचे मुख्य कारण. पावसाळ्यात कोकणपट्टीत ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे डाग आणि उतरलेल्या प्लेटलेट अशी लक्षणे दिसली, की डेंग्यूचा संशय प्रथम येणे स्वाभाविक आहे आणि बहुधा तो खराही असतो. परंतु त्या गर्दीत एखादा ह्या ल्युकेमियाचा रुग्ण असू शकतो. यंत्राने मोजलेल्या आकड्यांबरोबर रक्ताचा लेप काचेवर पाहिला, तर पेशीत काड्यांची मोळी बांधून ठेवल्यासारखी रचना दिसते व ती ह्या रोगाची खूण आहे. रोगाचा सबळ संशय येताच, जनुकीय परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता अम्ल सुरू करावे, असा आज सर्वमान्य संकेत आहे. रक्त गोठण्याची व्यवस्था अम्लामुळे लवकर सावरू लागते, हे त्याचे कारण. पक्व होऊ लागलेल्या पेशी फुप्फुसांत शिरून श्वास कोंडण्याचा, विभेदन-लक्षणसमूह म्हणून ओळखला जाणारा धोकाही असतो. तो वेळीच ओळखल्यास स्टेरॉइड औषधांनी आटोक्यात येतो.

६. जेथे औषध अपुरे पडले

महाराष्ट्रात ज्या कर्करोगाचे ओझे सर्वाधिक जाणवते, तो रक्ताचा नव्हे, मुखाचा आहे. चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, मिश्री व गुटखा ह्यांनी गालाच्या आतील अस्तर वर्षानुवर्षे होरपळते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तंबाखूची सवय मात्र टिकून आहे. कर्करोगाच्या अगोदर पुष्कळदा तोंडात पांढरा चट्टा उमटतो व त्यास ल्युकोप्लाकिया म्हणतात. हा चट्टा म्हणजे ओलसर अस्तराने धरलेला कातडीचा मार्ग होय. वोल्बाख व हाउ ह्यांनी उंदरांत जे पाहिले, त्याच्याशी त्याचे साम्य उघड आहे. म्हणून अ जीवनसत्त्वाने तो मागे फिरवता येईल, ही आशाही रास्त होती.

१९८६ मध्ये अमेरिकेत हाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३-सिस अम्लाची मोठी मात्रा देऊन पाहिली. ६७ टक्के रुग्णांत चट्टे लक्षणीय प्रमाणात कमी झाले. औषधाविना हे प्रमाण १० टक्के होते. तथापि औषध थांबविल्यावर दोनतीन महिन्यांतच निम्म्याहून अधिक रुग्णांत ते परतले. केरळात तिरुअनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने केलेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला ३ लाख एकक अ जीवनसत्त्व वर्षभर दिले गेले. ५२ टक्के रुग्णांत चट्टे पूर्णपणे नाहीसे झाले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत ३३ टक्के, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत १० टक्के. परंतु येथेही उपचार संपल्यावर अ जीवनसत्त्वाने बऱ्या झालेल्यांपैकी दोन तृतीयांश आणि बीटा-कॅरोटिनने बऱ्या झालेल्यांपैकी निम्म्या जणांत चट्टे पुन्हा उमटले.

ह्याचा अर्थ काय? अम्लाने अस्तराचे विभेदन सुधारले, पण ज्या पेशींच्या जनुकांत तंबाखूने बिघाड केला होता त्या पेशी जागेवरच राहिल्या. सूचना थांबताच त्या जुन्या वाटेला लागल्या. शिवाय मुख व फुप्फुस ह्यांच्या अर्बुदांत बीटा ग्राहीचे जनुक पुष्कळदा मुके झालेले आढळते. ज्या कानाने सूचना ऐकावयाची, तोच तेथे बहिरा असतो. ल्युकेमियाच्या त्या प्रकारात अडथळा ग्राहीत होता व तो हलविता आला. येथे अडथळे अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक अम्लाच्या आटोक्याबाहेरचे आहेत. खारघरच्या प्रयोगशाळांत मुखकर्करोगातील केरॅटिनांवर, म्हणजे शृंगप्रथिनांच्या कुळावर, दीर्घकाळ काम झाले आहे. साध्या, एकथरी अस्तरांत आढळणारी केरॅटिन ८ व १८ ही प्रथिने तोंडाच्या बहुथरी अस्तरात एरवी नसतात. मुखकर्करोगात ती प्रकट होतात. विभेदनाचा क्रम किती खोलवर विस्कटलेला असतो, ह्याची ही साक्ष आहे.

ह्याहून कठोर धडा फुप्फुसाच्या कर्करोगाने दिला. फळे व भाज्या अधिक खाणाऱ्यांत हा रोग कमी दिसतो, ह्यावरून बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी तो टळेल असे मानले गेले. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवरील चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत १८,३१४ व्यक्तींना बीटा-कॅरोटिन व अ जीवनसत्त्व एकत्र देणारी चाचणी चालू होती. औषध घेणाऱ्या गटात हा कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक दिसल्याने ती ठरल्या मुदतीच्या २१ महिने अगोदर थांबवावी लागली व १९९६ मध्ये तिचा अहवाल आला. पुढे फेरेट ह्या प्राण्यांवरील प्रयोगांत एक संभाव्य कारण दिसले. धुराने होरपळलेल्या फुप्फुसात जादा बीटा-कॅरोटिनचे विकृत तुकडे होतात, तेथील रेटिनॉइक अम्ल घटते आणि बीटा ग्राही आणखी मंदावतो. पेशीला दिलेली सूचना वाटेतच उलटी झाली.

ह्या दोन टोकांच्या मध्ये काही उदाहरणे आहेत. लहान मुलांतील न्यूरोब्लास्टोमा ह्या चेतापेशींच्या अर्बुदात, तीव्र उपचारांनंतर उरलेल्या थोड्या पेशींसाठी १३-सिस अम्ल दिले असता लाभ होतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत आढळले. तीन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण अम्ल घेणाऱ्यांत ४६ टक्के व न घेणाऱ्यांत २९ टक्के होते. लाभ खरा आहे, पण तो मर्यादित आहे.

७. समारोप

वरील तिन्ही फळांची संगती आता लावता येते. अ जीवनसत्त्वाची साधिते अर्बुदपेशीवर परिणाम करतात त्या ग्राहींच्या द्वारे. जेथे पेशीची पक्वता त्याच ग्राहीच्या बिघाडामुळे अडली आहे, तेथे योग्य साधित योग्य मात्रेत दिले असता वाढ थांबते, विभेदन पुरे होते व रोग निर्मूळ होऊ शकतो. जेथे ग्राही अंशतः शाबूत आहे पण बिघाड इतरत्रही आहे, तेथे औषध चालू आहे तोवरच गुण टिकतो. जेथे ग्राही मुका झाला आहे आणि बिघाड घडविणारा धूरही थांबलेला नाही, तेथे जादा मात्रेने अपायाचाच संभव वाढतो.

ह्यातून व्यवहारात दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही, की कमतरता भरून काढणे आणि औषध म्हणून मात्रा देणे ह्या भिन्न क्रिया आहेत. बालकांना शासनातर्फे दिला जाणारा अ जीवनसत्त्वाचा डोस कमतरतेपासून डोळ्यांचे व आरोग्याचे रक्षण करतो. त्यावरून प्रौढाने कर्करोग टाळण्यासाठी गोळ्या घ्याव्यात असे निघत नाही. गर्भवतीस जादा मात्रा व ही अम्ले गर्भविकृतीच्या भयाने वर्ज्यच आहेत. तोंडात पांढरा चट्टा दिसलेल्याने तंबाखू सोडून तज्ज्ञास तोंड दाखवावे, ह्यास गोळीचा पर्याय नाही. दुसरी गोष्ट ही, की रक्ताच्या त्या एका रोगात औषध हाताशी आहे, पण ते मिळण्यापूर्वी रोग ओळखला गेला पाहिजे. ग्रामीण दवाखान्यातील सूक्ष्मदर्शकाखाली काचेवरचा लेप पाहणारा तंत्रज्ञ आणि खारघरच्या शोधिकेत जनुके वाचणारा संशोधक हे ह्या दृष्टीने एकाच कामाचे दोन भागीदार आहेत. पहिल्याच्या नजरेतून मोळीची खूण निसटली, तर दुसऱ्याचे ज्ञान रुग्णापर्यंत पोहोचण्यास वेळच उरत नाही.